सहाचे सतरा झाले तो दिवस

पदोन्नतीच्या आढाव्याची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता होती आणि गेल्या १० वर्षांतील शोधनिबंधांचा तक्ता मला त्या दिवशी सायंकाळी ५ पर्यंत वरिष्ठांकडे द्यायचा होता. तुर्भे स्थानकापासून पावसात चालत येऊन मी नुकताच टेबलाशी बसलो होतो, तेवढ्यात जीवरसायन विभागातील एक शास्त्रज्ञ आदल्या दिवशी पडताळणीसाठी पाठवलेल्या तक्त्याचा कागद घेऊन ग्रंथालयात आल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, माझ्या नावापुढे सहा पेपर दिसतात. पीएचडीचे सगळे काम मी याच इमारतीत केले. त्यातला एकही यात नाही."

नवी मुंबईतल्या ज्या संस्थेत मी ग्रंथालय आणि माहिती विभाग सांभाळतो, तिथे गणितापासून जीवरसायनापर्यंत अनेक विद्याशाखा एका छताखाली आहेत. या सर्वांनी काय प्रसिद्ध केले हे मोजण्यासाठी मी उद्धरणांच्या संगणकीय कोशात, म्हणजे कोणत्या लेखाचा दाखला कोणी दिला याच्या नोंदसंग्रहात, एक शोधसूत्र चालवतो. त्यात संस्थेचे नाव जितक्या प्रकारे छापले गेले असेल तितके प्रकार द्यावे लागतात: 'सेंटर'ची दोन्ही इंग्रजी स्पेलिंगे, संक्षिप्त नाव, 'नवी मुंबई' आणि नुसते 'मुंबई', जुना पिनकोड आणि नवा पिनकोड. हे सूत्र मी आठ वर्षांत घडवले आहे आणि मला त्याचा अभिमान होता. सूत्रातून मिळालेली नावे आस्थापना विभागाच्या कर्मचारी यादीशी जुळवली जातात आणि जे शोधनिबंध कोणाशीच जुळत नाहीत, ते 'इतर' या ओळीत जातात. ही ओळ पाहुण्या संशोधकांची आणि संस्था सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची, असे मी धरून चाललो होतो. संस्थेची एकूण बेरीज बरोबर येत असल्यामुळे ती ओळ उघडून पाहावी असे कोणालाच वाटले नाही.

मी ती त्यांच्यासमोर उघडली. त्यांचे सात शोधनिबंध तिथे होते.

आपल्याकडे शोधनिबंधावर साधारणपणे स्वतःच्या नावाचे आद्याक्षर, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आणि आडनाव छापले जाते. लग्नानंतर बाईच्या या तीन गोष्टींपैकी दोन बदलण्याची पद्धत आहे आणि काही घरांत तर तिसरीही बदलते. संगणकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. कर्मचारी यादीत फक्त आजचे नाव असते आणि लग्नाआधीचे नाव सेवापुस्तकाच्या आतल्या पानावर राहते, जे ग्रंथालयाकडे कधीच येत नाही. माझे नाव जन्मापासून एकच आहे, म्हणून आठ वर्षांत हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. २०१२ मध्ये सुरू झालेला ऑर्किड हा संशोधकाच्या ओळखीचा १६ अंकी क्रमांक नेमक्या याच अडचणीसाठी आहे, कारण नाव कितीही बदलले तरी क्रमांक तोच राहतो. आमच्याकडे तो काढण्याचे परिपत्रक निघाले होते. ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी ते काम विद्यार्थ्यांवर सोपवले, विद्यार्थ्यांनी क्रमांक काढले आणि त्यात जुने शोधनिबंध जोडायचे राहून गेले. आजही बहुतेक क्रमांकांच्या पानावर नावाखेरीज काहीही नाही.

त्यांचे आणखी चार शोधनिबंध कुठेच दिसत नव्हते; ते शोधायला दुपार गेली. ते एका रुग्णालयाबरोबरच्या संयुक्त प्रकल्पातले होते आणि पहिल्या लेखकाने पत्त्याच्या ओळीत आमच्या संस्थेऐवजी केवळ विभागाचे नाव लिहिले होते. कोणतेही शोधसूत्र त्यांना पकडू शकले नसते. मी मॅडमना त्यांचे सहलेखक विचारले आणि एकेका सहलेखकाच्या यादीतून ते बाहेर काढले. सहा, सात आणि चार मिळून सतरा झाले. त्या उठताना "थँक्यू सर" म्हणाल्या, तेव्हा मला उत्तर देता आले नाही, कारण ज्या चुकीबद्दल मी त्यांची क्षमा मागायला हवी होती, ती दुरुस्त केल्याबद्दल त्या माझे आभार मानत होत्या.

मग मी यादीतील सर्व स्त्री शास्त्रज्ञांची नावे घेऊन बसलो. आणखी पाच ओळी अपुऱ्या निघाल्या.

याच दिवशी दुसरे एक काम चालू होते, ते दुबार नोंदी काढण्याचे. एकच संशोधन आधी प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापण्यापूर्वी खुला केलेला मसुदा, म्हणून आणि नंतर नियतकालिकात येते, आणि दोन्हींचे डीओआय, म्हणजे लेखाचे कायमचे ओळख क्रमांक, वेगळे असतात. तोच लेख डिसेंबरमध्ये ऑनलाइन आणि पुढच्या मार्चमध्ये अंकात आला, तर तो दोन वर्षांच्या हिशेबात दोनदा शिरू शकतो. शीर्षके जुळवून पाहावीत, तर एका नोंदीत 'बीटा' हे ग्रीक अक्षर असते आणि दुसरीत तोच शब्द रोमन लिपीत लिहिलेला असतो. हे डोळ्यांनीच पाहावे लागते. अशा ११ नोंदी मी वगळल्या.

साडेचारला मी वरिष्ठांकडे गेलो. 'इतर'मधले सात आधीच मोजलेले होते, पण संस्थेच्या बेरजेत चार शोधनिबंध वाढले हे ऐकून त्यांना समाधान वाटले. अकरा कमी झाले म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि "दुबारचे पुढच्या वर्षी बघू या का?" असे विचारले. ते प्रामाणिक अधिकारी आहेत. पण वर्षानुवर्षे वरून 'शोधनिबंध किती?' हा एकच प्रश्न येत गेला की माणूस उत्तरही एकाच रकान्यात शोधू लागतो. त्या रकान्यात काय काय एकत्र होते, हे मी त्यांना तेव्हा सांगितले. भौतिकशास्त्रात हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांच्या व त्यांच्या संस्थांच्या यादीने भरली होती. गणितात एकटा माणूस दोन वर्षे खपून एक लेख लिहितो. जीवशास्त्रात प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव सहसा शेवटी येते, तर गणितात नावे वर्णानुक्रमे असतात, त्यामुळे 'पहिला लेखक' या रकान्याला तिथे अर्थच उरत नाही. आणि निरीक्षणांच्या नोंदींना तर आमच्या तक्त्यात जागाच नाही. कुलाबा वेधशाळेत सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळाची चुंबकीय नोंद झाली होती आणि २००३ मध्ये तिच्याच आधारे त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली गेली. ज्यांनी ती नोंद ठेवली, त्यांच्या नावापुढे आमच्या तक्त्याने शून्य लिहिले असते.

ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी दुरुस्त तक्ता घेतला, दुबार नोंदी का वगळल्या याची टीप सोबत जोडायला सांगितले आणि पावणेसातला सही केली. मॅडमची ओळ सतरा अशी बैठकीत गेली.

त्या रात्री ठाण्याच्या गाडीत मला एक जुनी गोष्ट आठवली आणि दुसऱ्या दिवशी मी सहा वर्षांपूर्वीचा तक्ता काढला. त्या वर्षी कंत्राटी संशोधकांचा आढावा झाला होता. त्यातील एका स्त्री संशोधकाच्या नावापुढे मी २ लिहिले होते आणि त्यानंतर तिचे कंत्राट वाढवले गेले नव्हते. त्या निर्णयाला इतर कारणेही असतील. बैठकीचे इतिवृत्त मी पाहिलेले नाही. 'इतर'ची ओळ उघडून मी तिचे लग्नाआधीचे नाव शोधले, तेव्हा तिथे आणखी पाच शोधनिबंध निघाले.

संस्था सोडताना तिने ग्रंथालयातून ना-देय प्रमाणपत्र घेतले होते. त्या अर्जावर तिचा पत्ता आणि ईमेल आहे. सातही शोधनिबंधांची दुरुस्त यादी मी संस्थेच्या संग्रहात तिच्या नावावर लावली. तिला लिहिलेल्या पत्रात दोन परिच्छेद झाले आहेत; पहिल्यात चूक कशी झाली ते आहे आणि दुसऱ्यात ती माझी होती असे म्हटले आहे. सहा वर्षांनी हे कळल्याने तिचे काही भले होईल, की फक्त जुने दुःख जागे होईल, हे मला ठरवता आलेले नाही आणि पत्र अजून माझ्याकडेच आहे.