त्या सर्दीला नाव होतं

माझं वय 68. दमा तिशीपासून आहे आणि चार वर्षांपूर्वी इको केला तेव्हा हृदयाचं पंपिंग थोडं कमी झालेलं दिसलं होतं. गोळ्या आणि पंप न चुकता घेते. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात एका विषाणूइतकाच या दोन जुन्या दुखण्यांचाही वाटा होता.

साडेतीन वर्षांच्या नातीला सर्दी झाली होती. नाक वाहत होतं, रात्री खोकायची. दोन रात्री ती माझ्याच कुशीत झोपली. चार दिवसांत ती बरी होऊन खेळायला लागली आणि पाचव्या दिवशी माझा घसा खवखवू लागला. मग नाक, मग खोकला. ताप जवळजवळ नव्हताच, 99.5 च्या वर पारा गेला नाही. ताप नाही म्हणजे काळजीचं कारण नाही, असं मी धरून चालले. आता कळतं की मोठ्या माणसांत या आजाराला ताप फारसा येतच नाही, निदान फ्लूसारखा सणसणून येत नाही. सर्दी तीन-चार दिवसांनी हळूहळू छातीत उतरते. मी तापाची वाट पाहत बसले आणि श्वासाकडे बघायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी एका दवाखान्यात दाखवलं होतं. अँटिबायोटिक आणि खोकल्याचं औषध मिळालं. कसली सर्दी आहे, हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी पंप दोनदा घेऊनही छाती मोकळी होईना. घरघर मला स्वतःला ऐकू येत होती. रात्री आडवं होता येईना म्हणून पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसले. लेक विचारायला आली तर उत्तर द्यायला एका दमात चार शब्दही निघेनात. तिनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. 88.

"आई, आपण आत्ता निघतोय," ती म्हणाली. मी सकाळपर्यंत थांबू म्हणाले असते, पण तेवढं बोलायलाही दम नव्हता. ते बरंच झालं.

कॅज्युअल्टीत ऑक्सिजन लावला, नेब्युलायझरची वाफ दिली, ईसीजी आणि एक्स-रे काढला. फ्लू आणि कोरोनाची झटपट चाचणी केली. दोन्ही निगेटिव्ह. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मग आणखी एक स्वॅब घेतला, नाकात खोलवर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या स्वॅबबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. "काकू, हा पीसीआरला पाठवतोय. यात बरेच विषाणू एकदम तपासले जातात," असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: आरएसव्ही, म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस.

मी शाळेत 30 वर्षं जीवशास्त्र शिकवलं. हे नाव मी ओझरतं ऐकलं होतं, पण ते तान्ह्या बाळांच्या आजारात. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना मी तेच म्हणाले. "बरोबर आहे काकू. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होऊन जातो. पण तो एकदा होऊन संपत नाही. प्रतिकारशक्ती टिकत नाही, म्हणून आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतो. तरुणपणी त्याला आपण सर्दी म्हणतो. साठीनंतर, त्यात दमा किंवा हृदयविकार असला, की तो असा गाठतो."

सिन्सिशियल म्हणजे काय, हेही त्यांनी चादरीवर बोटानं काढून दाखवलं. हा विषाणू श्वासनलिकेच्या पेशीत शिरला की त्या पेशीचं आवरण शेजारच्या पेशीच्या आवरणाला चिकटवून टाकतो. दोन पेशींची एक होते, तिला तिसरी मिळते आणि अनेक केंद्रकांचा एक मोठा गोळा तयार होतो. त्या गोळ्याला सिन्सिशियम म्हणतात. मग तो भाग मरतो, सुटून खाली पडतो, त्यात चिकट कफ मिसळतो आणि बारीक नळ्या तुंबतात. माझ्या छातीत जे घरघरत होतं ते हे होतं. आजारपणात असं नेमकं काही कळलं की मला धीर येतो. सगळ्यांना येत असेलच असं नाही.

नाव कळल्यावर तीन गोष्टी लगेच बदलल्या. एक्स-रेत न्यूमोनिया नव्हता आणि रक्तात जिवाणूंच्या संसर्गाच्या खुणा नव्हत्या, म्हणून अँटिबायोटिक थांबवलं. विषाणूवर त्याचा काही उपयोग नसतोच. मला स्वतंत्र खोलीत हलवलं. आत येणारा प्रत्येक जण मास्क, हातमोजे आणि एप्रन घालून येऊ लागला. हा विषाणू शिंतोड्यांतून पसरतो तसाच हातांवरून आणि वस्तूंवरूनही पसरतो आणि टणक पृष्ठभागावर तासन् तास जिवंत राहतो. शेजारच्या वॉर्डात केमोथेरपीवरचे रुग्ण होते, त्यांच्यापर्यंत तो जाऊन चालणार नव्हतं. तिसरी गोष्ट म्हणजे माझ्या हृदयावर चोवीस तास मॉनिटर लावला. तेव्हा मला ती नसती खबरदारी वाटली.

औषध काय, असं लेकीनं विचारलं. या विषाणूवर नेमकं चालणारं, सरसकट वापरता येईल असं औषध नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. ऑक्सिजन, वाफ, दम्यासाठी स्टेरॉइड, अंगात पाणी कमीही पडू द्यायचं नाही आणि जास्तही होऊ द्यायचं नाही. बाकी शरीरानं लढायचं. लेकीचा चेहरा उतरला. मला मात्र तो खरेपणा आवडला.

तिसरी रात्र. दोनच्या सुमारास जाग आली ती छातीत कुणीतरी दाणदाण पळत असल्यासारखं वाटून. मॉनिटर वाजत होता. हृदयाची लय बिघडली होती, ठोके वेडेवाकडे आणि फार जलद पडत होते, आणि त्या धावपळीत फुप्फुसांत पाणी साचू लागलं होतं. ऑक्सिजन वाढवूनही सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, 85 च्या वर जाईना. मला बायपॅपवर घेतलं.

बायपॅपबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी पहिली दहा मिनिटं इतकी भीतीची गेली नसती. नाकातोंडावर घट्ट मास्क बांधतात आणि मशीन दाबानं हवा आत ढकलतं. आधीच गुदमरत असलेल्या माणसाच्या तोंडावर काही बांधलं की हात आपोआप ते ओढून काढायला जातो. माझाही गेला. सिस्टरनं तो हात धरून ठेवला. "आजी, मशीनशी भांडू नका. ते श्वास देईल तेव्हा घ्या, सोडेल तेव्हा सोडा. मी इथेच आहे." ती खरोखर तिथेच उभी राहिली. तिनं माझ्या हातावर बोटानं ताल धरला, आत, बाहेर, आत, बाहेर. सात-आठ मिनिटांनी छातीचे स्नायू सैल पडायला लागले. श्वास घेण्याचं निम्मं काम ते यंत्र करत होतं. लघवी होण्याचं इंजेक्शन आणि ठोके आवरण्याचं औषध दिलं होतं, पहाटेपर्यंत फुप्फुसांतलं पाणी बरंच उतरलं. नळी घालून व्हेंटिलेटर लावायची वेळ आली नाही.

नंतर वाचताना कळलं की माझं काही जगावेगळं झालेलं नव्हतं. आरएसव्हीनं दाखल झालेल्या 50 वर्षांवरील रुग्णांत साधारण पाचांतल्या एकाला हृदयाचा असा काहीतरी तीव्र त्रास होतो, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं आहे. आणि 2005 साली ॲन फॅल्सी या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये चार हिवाळ्यांचा अभ्यास मांडला होता. त्यात दाखल झालेल्या रुग्णांपैकी आरएसव्हीनं 8 टक्के दगावले होते आणि इन्फ्लुएंझा ए नं 7 टक्के. ज्या फ्लूची आपण दरवर्षी धास्ती घेतो त्याच्या बरोबरीचा हा आजार, आणि माझ्या ओळखीतल्या एकाही वडीलधाऱ्या माणसाला त्याचं नाव माहीत नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी बायपॅप निघाला, सातव्या दिवशी ऑक्सिजन. नवव्या दिवशी घरी आले.

घरी आल्यावर खरं आजारपण सुरू झालं, असं म्हटलं तरी चालेल. बाथरूमपर्यंत जाऊन आले की भिंतीला टेकून उभी राहायची. खोकला आणखी चार आठवडे होता. फिजिओथेरपिस्टनं नाकानं श्वास घेऊन शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडायला शिकवलं. तो एक व्यायाम मी दिवसातून सहा वेळा केला. त्यानं धाप लागली तरी घाबरणं कमी झालं. मांड्यांतली ताकद मात्र परत यायला दोन महिने लागले. डिस्चार्जच्या कागदावर याबद्दल एक ओळही नव्हती, आणि मी बरी का होत नाही या विचारानं पहिले पंधरा दिवस मी रोज रडत होते.

त्या रिकाम्या दिवसांत या विषाणूबद्दल मिळेल ते वाचलं. तो 1956 मध्ये सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये पहिल्यांदा सापडला आणि पुढच्याच वर्षी बाळांत. साठच्या दशकात एक लस करून पाहिली, तर लस घेतलेल्या बाळांना नंतर हा आजार उलट जास्त जोरात झाला आणि दोन बाळं गेली. त्या धक्क्यानं काम कित्येक वर्षं मागे पडलं. 2013 मध्ये पेशी एकमेकींना चिकटवणाऱ्या, या विषाणूवरच्या प्रथिनाचा चिकटण्याआधीचा आकार शास्त्रज्ञांना स्थिर धरून ठेवता आला आणि तिथून रस्ता मोकळा झाला. मे 2023 मध्ये अमेरिकेत 60 वर्षांवरच्यांसाठी पहिली लस मंजूर झाली. डॉक्टरांनी चादरीवर बोटानं काढलेलं ते चित्र आणि ही लस एकाच गोष्टीवर उभी आहेत, हे कळलं तेव्हा वर्गात सांगायला हवं होतं असं वाटलं. पुढच्या तपासणीला लसीचं विचारलं. आजार होऊन गेला म्हणून कायमचं संरक्षण मिळत नाही, आधी पूर्ण बऱ्या व्हा, मग हंगाम सुरू व्हायच्या आत घेऊ, असं ठरलं आहे.

एक गोष्ट मी घरात सगळ्यांना बजावली होती. माझं आजारपण नातीमुळे आलं, हे तिच्या कानावर पडता कामा नये. दाखल असताना लेक एकदा रडत म्हणाली, "तिला तुझ्याकडे झोपवायलाच नको होतं." मी बोलू शकत नव्हते, नुसती मान हलवली.

गेल्या आठवड्यात नातीला पुन्हा सर्दी झाली. मी मास्क लावला, दर वेळी हात धुतले, खिडक्या उघड्या ठेवल्या. तिनं तिच्या बाहुलीलाही मास्क मागितला, तो रुमालाचा करून दिला. तीन रात्री ती तिच्या आईजवळ झोपली. मधल्या दाराआडून तिचा खोकला ऐकत मी बराच वेळ जागी होते.