बरणीतला वाफसा

पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलेलं माणूस ओट्यापाशी थबकतंच. कपाटाखालच्या ट्यूबच्या उजेडात काळ्या रंगवलेल्या सहा बरण्या, त्यांच्या झाकणांतून वर आलेला पुदिना, कोथिंबीर, बेसिल. एखादं पान चुरगाळून वास घेतला जातो आणि मग विचारतात, "मातीच नाही, तर हे झाड खातं काय?" शेजारच्या काकूंनी विचारलं, गॅसवाल्या दादांनी विचारलं, माझ्या आईने तर तीनदा. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खाण्याचं उत्तर सोपं आहे. मुळं माती खात नाहीत, मातीतल्या पाण्यात विरघळलेले क्षार घेतात. जर्मनीत १८६० च्या दशकात झाक्स आणि क्नॉप या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवून हे दाखवून दिलं. आपल्या देशात १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगकडे असेच प्रयोग केले. हे क्षार म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि अगदी थोडं लोह, जस्त वगैरे. साताऱ्याला माझ्या काकांच्या शेतात ठिबकमधून जी विद्राव्य खतं जातात, तीच मी इथे चमच्या-चमच्याने वापरते. सांभाळायचं ते एवढंच, की कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची घट्ट द्रावणं एकत्र करायची नाहीत. केली तर तळाशी पांढरा साका बसतो आणि त्यातलं कॅल्शियम मुळांना मिळत नाही. म्हणून दोन बाटल्या वेगळ्या, आणि दोन्हींतलं थोडं थोडं भरपूर पाण्यात आळीपाळीने.

पण माझं पहिलं झाड उपाशी राहून मेलं नव्हतं.

तो पुदिना होता. भाजीवालीकडच्या जुडीतल्या चार जाड काड्या, पेराच्या खाली कापून पाण्यात ठेवलेल्या. आठवड्यात पांढरी मुळं फुटली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी रोज सकाळी पिण्याचं पाणी भरताना बरणीही काठोकाठ भरायचे. दोनेक आठवड्यांत पानं माना टाकायला लागली. तहान लागली असेल म्हणून मी आणखी पाणी घातलं. शेवटी झाकण उचललं, तर मुळं तपकिरी झालेली, बोटाला बुळबुळीत लागणारी, आणि साचलेल्या गटारासारखा वास. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, रान तुंबलं की पीक पिवळं पडतंच. पाण्यात उभं केलंस, मग वाफसा कुठनं यायचा?"

वाफसा हा शब्द लहानपणापासून ऐकलेला, पण त्याचा अर्थ त्या दिवशी हाताला लागला. पाऊस पडून गेल्यावर मातीच्या कणांभोवती ओल राहते आणि मधल्या पोकळ्यांत हवा शिरते, तेव्हा रानाला वाफसा येतो. मूळ पाणी पितं तसा श्वासही घेतं. साचलेल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो, तो संपला की मुळं गुदमरतात आणि मग कुजतात. माती काढून घेतली तर तिचं हे काम दुसऱ्या कुणाला तरी करायला लावलं पाहिजे.

अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत नेमकं हेच करते, तेही पंप किंवा वीज न लावता. एक लिटरची बरणी घ्यायची. उजेड आत गेला तर पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून काळा रंग द्यायचा. झाकणाला भोक पाडून त्यात जाळीची छोटी कुंडी बसवायची, तिच्यात भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि रोप. सुरुवातीला पाणी कुंडीच्या तळाला जेमतेम टेकेल एवढंच. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, आणि वर रिकामी जागा तयार होते. ती जागा भरायची नाही. त्या दमट हवेत वरच्या मुळांना बारीक पांढरी लव फुटते, कापसासारखी. खालची मुळं लांब आणि गुळगुळीत राहतात. वरची श्वास घेतात, खालची पाणी पितात. पुदिना बरेच महिने टिकतो, तेव्हा पाणी तळाशी गेलं की मी अर्ध्यापर्यंत भरते, त्यावर नाही. बरणीवर एक उभी पट्टी न रंगवता सोडली आहे, एरवी ती चिकटपट्टीने झाकलेली असते. पट्टी उचलली की पातळी दिसते.

उजेडासाठी वीस वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, पानांपासून वीतभर वर, रोज चौदा तास. महिन्याला साडेआठ युनिटच्या आत भागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, ते पाणी इतकं जड असतं की पानांच्या कडा करपतात. तेव्हा पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्यावं लागतं.

कोथिंबीर पुदिन्याइतकी सोशीक नाही. धने वाटीने रगडून दोन फाकी करायच्या आणि थेट जाळीतच पेरायच्या, रोप उपटून लावलेलं तिला सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये ती लवकर फुलावर येते, म्हणून ते दोन महिने मी तिच्या वाटेला जात नाही. आणि तुळस मी बरणीत लावलेली नाही, लावणारही नाही. ती खिडकीतल्या कुंडीत, मातीतच आहे. आई रोज तिला तांब्याने पाणी घालते, तिथे मी मोजमाप करत नाही.

तुमच्यासाठी पुदिन्याच्या पाच काड्या परवाच पाण्यात ठेवल्या आहेत. रविवारपर्यंत मुळं दिसायला लागतील. येताना रुंद तोंडाची, झाकणाची बरणी घेऊन या, भोक मी इथेच पाडून देते.