प्याराशूट

शाळेच्या व्हरांड्यात ऑफिसशेजारी संगमरवरी पाटी आहे ना, तिच्यावर त्याचं नाव आहे म्हणून इथे परत लिहीत नाही. ती वाचून आत्ताच्या मुलांना वाटत असणार की हा कोणी मिशीवाला दांडगा गडी. कसला काय, पाप्याचं पितर होता, एकवीस वर्षांचा. शाळेत माझ्या चार वर्षं पुढे, खो-खो टीमचा कॅप्टन, आणि खांबावर सूर मारावा तर त्यानेच. ग्राउंड तेव्हा नुसता मुरूम, कोपरं सोलून निघायची, हा त्यावर थुंकी लावणार आणि परत रांगेत जाऊन बसणार.

अकरावीला गणितात उडाला तो थेट भरतीला गेला. मग पॅराशूटवाल्यांत, दोन पॅरामध्ये, म्हणजे आपली मराठ्यांचीच जुनी पलटण. आग्र्याहून पीटीच्या सरांना त्याचं पत्र आलं होतं ते सरांनी ग्राउंडवर आम्हाला वाचून दाखवलं, "सर, प्याराशूटला घाबरण्यासारखं काही नाही, दोरीचा हूक विमानातल्या तारेला अडकवायचा, उडी मारली की छत्री आपोआप उघडते. रांगेत थांबायचं, हिरवा दिवा लागला की उस्ताद खो देतात." पुढे महिनाभर आम्ही सूर मारताना 'प्याराशूट' म्हणून ओरडायचो.

१९७१ चा डिसेंबर, पाकिस्तानशी लढाई जुंपलेली, खिडक्यांना काळे कागद, सगळे रेडिओला कान लावून. ११ तारखेला संध्याकाळी त्याच्या पलटणीने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आत्ताच्या बांगलादेशात, टांगाईलजवळ उड्या मारल्या, सातशेच्या आसपास माणसं. उत्तरेकडून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची म्हणून लोहजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा होता. कोण कुठे उतरला, कोण तळ्यात पडला, गावकऱ्यांनी सामान शोधून वाहून दिलं आणि तरी त्याच संध्याकाळी पूल घेतला. हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त पेपरातला फोटो, आभाळभर छत्र्या! सरांनी कात्रण फळ्यावर लावलं, मधल्या सुट्टीत ही गर्दी, हा बघ तो, नाही रे तो नाही. मीच अतिशहाणा, सुटल्यावर ते काढून त्याच्या आईकडे घेऊन गेलो. काकूंचे हात भाकरीच्या पिठाचे. त्यांनी बराच वेळ बघून एका छत्रीवर बोट ठेवलं, म्हणाल्या, "हा."

तार त्यानंतर आली. पुलापाशी रात्री मागे हटणारे चालून आले त्यात गेला होता तो, म्हणजे काकूंनी बोट ठेवलं तेव्हा तो नव्हताच. १६ तारखेला पलटण ढाक्यात शिरली, आम्हाला पेढे मिळाले, मी खाल्ला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं पण खाल्ला, कारण तार तोवर आली नव्हती.

आता मुद्दा, ज्याच्यासाठी लिहायला बसलो. बऱ्याच वर्षांनी वाचलं की तो फोटो टांगाईलचा नव्हताच, आग्र्याच्या एका जुन्या सरावाचा होता, सरकारी माहितीवाल्यांनी दिलेला, आणि त्यामुळे जगभर पाच हजार छत्रीधारी उतरल्याची बातमी गेली. पाकिस्तानी पण त्यालाच फसले म्हणे. मी काकूंना हे सांगितलं नाही. त्या असेपर्यंत कात्रण देवाच्या पोथीत होतं, त्या एका छत्रीवर पिठाचा डाग. आणि सराव आग्र्याचा, हा पण आग्र्यालाच होता, मग असेलही त्यात, काय सांगावं.

सरांनी सूर मारताना प्याराशूट ओरडायचं नाही असं कधी सांगितलं नाही. आम्हीच बंद केलं.