टेप जुनी होती

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मी टाइम ऑफिसमध्ये ओव्हरटाइमचे कार्ड जुळवत होते. प्रेस शॉपचा, म्हणजे धातू दाबून भाग बनवणाऱ्या मशीनच्या विभागाचा, एकसारखा धाडधाड आवाज अचानक थांबला. ज्यांनी भोसरीत काम केलंय त्यांना कळेल, चहाच्या सुट्टीला प्रेस एकेक करून बंद होतात. सगळ्या एकदम थांबल्या की काहीतरी वाईट झालेलं असतं.

दोघांनी धरून एका पोराला आणलं. उजवा हात कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेला. तो रडत नव्हता, सारखं एकच विचारत होता, "मॅडम, माझी हजेरी लागंल ना आजची?"

ही गोष्ट ऑगस्ट २०१८ ची. पोरगा २४ वर्षांचा, लातूरकडचा, ठेकेदाराकडून आलेला, रोज ४०० रुपये. पन्नास टनी प्रेसवर डबल स्ट्रोक पडला. एकदा खाली येऊन रॅम, म्हणजे वरून दाब देणारा भाग, वर थांबायला हवा होता, तो न थांबता परत खाली आला. याचा हात जॉब, म्हणजे तयार तुकडा, उचलायला डायमध्येच, म्हणजे साच्यातच, होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं.

अशा वेळी काय करायचं हे मी तोवर शिकले होते, म्हणून इथे लिहून ठेवते. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही. आमच्याकडे मात्र जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डाय तशीच होती.

त्याला गाडीत बसवून हॉस्पिटलला रवाना केलं आणि मी शॉपमध्ये गेले. त्या प्रेसला दोन हातांची बटणं आहेत. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेरच राहावेत, यासाठी ती असतात. डावं बटण इन्सुलेशन टेपने दाबून बसवलेलं होतं. मी वाकून जवळून पाहिलं. टेप मुळात पांढरी असावी, आता काळी पडली होती. कडा तेलाने सुटल्या होत्या आणि सुटलेल्या जागी बुरशीसारखी काळपट घाण साचली होती. एकावर एक तीन थर होते, सगळ्यात वरचा जरा उजळ. एवढी घाण साचायला महिने लागतात. पोरगा कामावर येऊन एकोणीस दिवस झाले होते. कोणी हात लावायच्या आत मी मोबाइलवर चार फोटो काढले. अर्ध्या तासाने सुपरवायझरने टेप काढून टाकली.

मी एवढी घाई का केली, त्याला कारण आहे. २००९ साली, नोकरीच्या सुरुवातीला, मी एका अपघाताचा रिपोर्ट टाइप केला होता. "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द मला सांगितले गेले आणि मी ते लिहिले. मशीन मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तो माणूस आजही कधी भाजी मंडईत दिसतो आणि मला ओळख देतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

निष्काळजीपणा हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरतात, जणू तो लिहिला की मालक सुटला. तसं नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात मालकाला सुटायला वाटा मोजक्याच होत्या. अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा बसवलेलं गार्ड, म्हणजे सुरक्षेची सोय, जाणूनबुजून काढलं, अशाच वेळी. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर याही वाटा बंद. दमलेला होता, लक्ष नव्हतं, घाईत होता, यातलं काहीही त्यात बसत नाही. म्हणूनच "गार्ड यानेच काढलं" असं लिहायची धडपड चालते. आणि म्हणूनच ती टेप किती जुनी होती याला महत्त्व होतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. ठेकेदार आधीच येऊन बसला होता. पोराचा ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, नंबरच काढलेला नव्हता. साहेब म्हणाले, "अपघात नोंदवहीत उद्या लिहा. आज नंबर काढू, जॉइनिंग आजचं दाखवू." मी म्हटलं, "साहेब, गेटच्या रजिस्टरात त्याच्या एकोणीस सह्या आहेत. आणि नोंद मी सव्वाअकरालाच केली आहे." खोलीत कोणी काही बोललं नाही. नोकरी जाते की काय असं मला तेव्हा खरंच वाटलं.

किती पैसे वाचवण्यासाठी हे चाललं होतं ते सांगते. ४०० रुपये रोजाने महिन्याचे २६ दिवस धरले तर १०,४०० रुपये. त्या वेळी मालकाची वर्गणी पावणेपाच टक्के होती, म्हणजे ४९४ रुपये. पोराच्या वाट्याचे पावणेदोन टक्के म्हणजे १८२. (जुलै २०१९ पासून हे दर सव्वातीन आणि पाऊण टक्क्यावर आलेत, म्हणजे आता तर आणखी कमी.) माणूस ठेकेदाराचा असला तरी वर्गणी भरायची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवरच येते, आणि नोकरीतल्या इजेसाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अटही नाही. पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहे. पण पहिल्या दिवशी तो तिथे होता हे कागदावर दिसायला हवं.

चौथ्या दिवशी ठेकेदार हॉस्पिटलमध्ये स्टॅम्प पेपर घेऊन गेला. पोराचा बाप गावाहून आला होता, त्याने तो कागद घडी करून माझ्याकडे आणला. "ताई, हे वाचून सांगता का?" चाळीस हजार रुपये रोख मिळाले, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही, असा मजकूर. खाली अंगठ्यासाठी जागा सोडलेली. सहीसाठी नाही, अंगठ्यासाठी. पोरगा बारावी पास होता.

मी त्यांना टेबलावरच हिशेब करून दाखवला. कामावर येता येत नाही तोवर ईएसआयकडून सरासरी रोजाच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला ३६०. नंतर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं. ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात त्याचं कोष्टकच होतं: अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चार बोटं ५०. याची दोन, म्हणजे ३६० चे २० टक्के, ७२ रुपये रोज. जन्मभर. चाळीस हजाराला ७२ ने भागलं तर ५५५ दिवस येतात. पोराचं वय २४. बापाने कागद परत घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि म्हणाला, "मग ह्यो आमाला नगं."

ईएसआयच्या बाहेरच्या माणसांचा हिशेब वेगळा, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. तिथे वर सांगितलेल्या १९२३ च्या कायद्याच्या रीतीने एकरकमी भरपाई मिळते. मृत्यूला महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्के आणि पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के धरून त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात. वेतन कितीही असलं तरी जानेवारी २०२० पासून १५,००० पर्यंतच धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. १५,००० चे ६० टक्के ९,०००, गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. अंगठा गेला असेल तर त्याचे ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण लांबवलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. हक्क सोडल्याचा कागद करून घेतला तरी १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो रद्दबातल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली आणि हे जुने कायदे तिच्यात गेले, पण गुणाकाराची रीत तीच आहे.

साहेबांनी शेवटी खऱ्या तारखेने नंबर काढायला सांगितलं. मन वळलं म्हणून की फोटो माझ्याकडे आहेत म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. नोकरी लागून एकोणीस दिवसांत अपघात आणि नंबर अपघातानंतरचा, त्यामुळे चौकशी झाली, आणि व्हायलाच हवी. अधिकाऱ्यांनी गेट रजिस्टर पाहिलं, माझा जबाब घेतला, शेजारच्या प्रेसवरच्या दोघांचे घेतले. त्या दोघांनी खरं सांगितलं. दोघंही ठेकेदाराचीच माणसं होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गमावण्यासारखं त्यांच्याकडे होतं. बोर्डाने २० टक्के दिले. पहिले पैसे यायला सात महिने लागले. ते सात महिने त्या घराने कसे काढले हे मला पूर्ण माहीत नाही. बापाने एक म्हैस विकली एवढं कळलं.

पैसे येण्याआधी बँकेचं एक काम अडलं. खातं उघडताना त्याने उजव्या हाताने सही केली होती, ती आता जुळेना आणि फॉर्म परत आला. मी अर्धा दिवस रजा टाकून त्याच्यासोबत गेले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अंगठा चालेल की, उगाच कशाला त्रास घेता?" तो म्हणाला, "नाही मॅडम, मला सही येते." खुर्चीवर बसून त्याने डाव्या हातात पेन धरलं, उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने कागद दाबून ठेवला. पहिल्या फॉर्मवर आडनाव चौकटीबाहेर गेलं. दुसऱ्यावर पेन अडकून कागद फाटला. बाईंनी काही न बोलता तिसरा दिला. तो त्याने आधी कोऱ्या पाठीवर तीन वेळा गिरवून खराबच केला, आणि मग चौथा मागितला. त्यावर सही चौकटीत बसली.