आमची वाटचाल : लेथ जवळून, पटाशी लांबून

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचा लाकूड कातण्याचा लहानसा कारखाना आहे. पोळपाट-लाटणी, रव्या, देव्हाऱ्याचे आणि पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय आणि जिन्याच्या कठड्यांचे कातीव दांडे हा आमचा नेहमीचा माल. स्वयंपाकघरातल्या वस्तू बेळगाव, निपाणी आणि गडहिंग्लजच्या दुकानांत जातात, तर जिन्याची कामे बहुतेक गोव्याची असतात. या धंद्यात नव्याने उतरणारी मुले आमच्याकडे येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातण्याचे यंत्र, कुठून घ्यावा आणि हत्यारे कुठून मागवावीत? दोन्ही गोष्टी एकाच दुकानातून घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. आमचा अनुभव असा की, या दोन खरेद्यांचे निकष मुळातच वेगळे आहेत.

वडिलांच्या काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. लेथचा बेड म्हणजे दोन जाड सागवानी तुळया, त्यावर जवळच्या फाउंड्रीत ओतून घेतलेले हेडस्टॉक (लाकूड फिरवणारा भाग), त्यात गनमेटलचे बुश आणि खाली पट्ट्यावर फिरणारी मोटर. पटाश्या गावचा लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून घडवून देई आणि त्यांना पाणीही, म्हणजे तापवून-बुडवून आणलेला कठीणपणाही, तोच देई. त्या हत्यारांनी वडिलांनी उत्तम काम केले, परंतु दिवसातला बराच वेळ सहाणेवर जात असे. सागवानात सिलिका असते आणि ती साध्या पोलादाची धार पाहता पाहता खाऊन टाकते.

कारखाना आमच्या हाती आल्यावर पहिली मोठी खरेदी लेथचीच होती. गुजरातमधले राजकोट आणि पंजाबमधले बटाला ही बिडाच्या लेथसाठी देशभर ओळखली जाणारी गावे. तिथला माल किमतीला हलका पडतो आणि पसंतीला भरपूर असतो. कोल्हापूरची उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत आम्हाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे, आणि बेळगावचे उद्यमबाग तर घरचेच. आम्ही जवळचाच लेथ घ्यायचे ठरवले, आणि याचे कारण वाहतूक खर्च हे नव्हते. बीड, बेअरिंग, आटे आणि लाकूड दोन्हीकडून धरणारी टोके, म्हणजे सेंटर, या सगळ्या डोळ्यांनी आणि गेजने तपासता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्या तपासायला माणूस स्वतः यंत्रापुढे उभा असावा लागतो. शिवाय फाउंड्री आणि मशीनशॉप यांवर ज्या शहराचा निम्मा संसार चालतो, तिथे राहून स्पिंडल, म्हणजे लेथचा फिरणारा मुख्य दांडा, गुजरातला दुरुस्तीसाठी पाठवणे आम्हाला पटण्यासारखे नव्हते.

तपासणीची आमची पद्धत सोपी आहे. दोन्ही बाजूंना टोकदार सेंटर लावून टेलस्टॉक, म्हणजे समोरचा सरकता भाग, हेडस्टॉकच्या अगदी जवळ आणायचा आणि दोन टोकांच्या मध्ये दाढीचे पाते हलकेच धरायचे. पाते सरळ उभे राहिले तर सेंटर जुळलेले आहेत. वरच्या किंवा खालच्या बाजूला कलले तर एक टोक उंच आहे, आणि बाजूला वळले तर टेलस्टॉक सरकलेला आहे. त्यानंतर टेलस्टॉकची दांडी पूर्ण बाहेर काढून हीच परीक्षा पुन्हा घ्यायची, कारण दांडी आत असताना लपलेला वाकडेपणा ती बाहेर आली की उघडा पडतो. लाटण्यासारख्या कामात एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही; पण ड्रिल लावून देव्हाऱ्याच्या खांबाला भोक पाडायचे झाले की भोक मध्यावर पडत नाही, आणि मग चूक कातणाऱ्याच्या माथी मारली जाते.

स्पिंडलचे आटे हा दुसरा मुद्दा, आणि आमच्या मते तोच अधिक दुर्लक्षित आहे. युरोपीय धाटणीच्या लेथवर 33 मिलिमीटर व्यासाचे आणि 3.5 मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे असतात, लहान अमेरिकी धाटणीच्या लेथवर 1 इंच व्यास आणि इंचाला 8 आटे असतात, आणि आपल्याकडचे काही कारागीर तिसरेच माप ठेवतात. बाजारात मिळणारे चक, म्हणजे लाकूड पकडणारे जबडे, पहिल्या दोन मापांना बसतात. तिसऱ्या मापाच्या लेथला प्रत्येक चकसाठी वेगळा ॲडॅप्टर कातून घ्यावा लागतो आणि कामाचा तुकडा बेअरिंगपासून तेवढाच लांब जातो. म्हणून ऑर्डर देतानाच आम्ही आट्यांचे माप आणि दोन्ही बाजूंना मोर्स टेपर 2 या मापाचे निमुळते भोक ही अट लिहून देतो. कठड्याचा दांडा साधारण 3 फुटांचा असल्यामुळे दोन सेंटरमधले अंतर 42 इंचांहून कमी असलेला लेथ आम्ही विचारातच घेत नाही.

वेगाबद्दल एक ढोबळ हिशेब सगळे कातणारे वापरतात : इंचातला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 यांच्या दरम्यान असावा. 10 इंची पोळपाटाला 600 ते 900 फेरे पुरतात, तर 3 इंची दांड्याला 2000 ते 3000 लागतात. दिवसातून कितीदा पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकणार? यासाठी व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे विजेचे उपकरण, घेणे शहाणपणाचे. घरगुती सिंगल-फेज जोडणीवर चालणारी व्हीएफडी 3 अश्वशक्तीपर्यंत सहज मिळते. मात्र तिच्यातून 230 व्होल्टचेच तीन फेज निघतात, त्यामुळे 415 व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली लहान मोटर डेल्टामध्ये जोडून घ्यावी लागते (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या तारा जोडण्याच्या दोन पद्धती). हे न केल्यास मोटर फिरते, पण तिच्यात जोर राहत नाही, आणि खरेदीदार यंत्राला दोष देत बसतो.

सीमेवरच्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, की माल कर्नाटकातून घ्यावा की महाराष्ट्रातून. जीएसटीपूर्वी या प्रश्नाला अर्थ होता. कोल्हापूरहून आणलेल्या मालावर केंद्रीय विक्रीकर लागे, सी फॉर्म हे खरेदीदाराचे प्रमाणपत्र दिले तर तो 2 टक्क्यांवर येई, आणि आपल्या विक्रीवरच्या करातून त्या कराची वजावट मिळत नसे. 1 जुलै 2017 पासून चित्र पालटले. उद्यमबागेतून घेतले तर 9 अधिक 9 टक्के आणि उद्यमनगरातून घेतले तर एकत्रित 18 टक्के, एवढाच बिलावरचा फरक. नोंदणी असलेल्याला वजावट दोन्हींची मिळते. माल 50,000 रुपयांच्या वर असेल तर मालवाहतुकीचे ई-वे बिल तेवढे पाहावे लागते. मात्र कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या सवलतीत, राहणाऱ्या लहान कारखानदाराला ही वजावट नाही, म्हणून त्याने किमतीत कर धरूनच तुलना करावी. आम्हाला गोव्याला माल पाठवायचा असतो, आणि परराज्यात विक्री करणाऱ्याला ती योजना घेता येत नाही, त्यामुळे आमच्यापुरता हा विचार तिथेच संपला.

हत्यारांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. पोलादाचे पाणी डोळ्यांना दिसत नाही. दोन गोल पटाश्या शेजारी ठेवल्या तर चकाकी सारखी, मूठ सारखी, धारही पहिल्या दिवशी सारखीच. फरक कळतो तो ग्राइंडरवर. साध्या कार्बन पोलादाची धार तापून निळी झाली, म्हणजे 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, की तिचे पाणी उतरते आणि तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय गत्यंतर नसते. हायस्पीड स्टील, म्हणजे एचएसएस, सुमारे 600 अंशांपर्यंत कठीण राहते. त्यातल्या एम-2 या जातीत सुमारे 6 टक्के टंगस्टन, 5 टक्के मॉलिब्डेनम, 4 टक्के क्रोमियम आणि 2 टक्के व्हॅनेडियम असते, आणि सागवानासमोर टिकून राहण्याची ताकद तिथूनच येते.

काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आम्ही पटाश्यांचा संच मागवला. प्रत्येकीवर एचएसएस अशी अक्षरे ठसठशीत कोरलेली होती. पहिलीच पटाशी दगडाला टेकवली तेव्हा पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा फवारा उडाला आणि प्रत्येक ठिणगीला टोकाशी फाटे फुटत होते. एचएसएसची ठिणगी तांबूस, मंद आणि तुटक असते, तिला असे फाटे फुटत नाहीत. विक्रेत्याने घासलेली वस्तू परत घेता येत नाही असे कळवले. तेव्हापासून अनोळखी ठिकाणाहून आम्ही आधी एकच हत्यार मागवतो, ठिणगी पाहतो आणि मगच संचाचे बोलतो.

त्यामुळे ज्या पटाश्यांवर दिवसभर काम चालते, त्या आम्ही बंगळुरू किंवा मुंबईच्या आयातदारांकडून घेतो; रॉबर्ट सॉर्बी किंवा क्राउन अशा शेफील्डच्या कारखान्यांचा माल त्यांच्याकडे मिळतो. त्या महाग आहेत, यात शंका नाही. म्हणून सगळा संच कधीच घेत नाही. खडबडीत लाकूड गोल करणारी मोठी गोल पटाशी, नक्षीची लहान गोल पटाशी आणि तिरकी पटाशी, या तिघींवरच पैसे खर्च करतो. पार्टिंग टूल (लाकूड तोडून वेगळे करणारे हत्यार) आणि स्क्रेपर (खरवडणारे हत्यार) यांना आकाराची गुंतागुंत नसते. धातूच्या लेथवर वापरतात ते एचएसएसचे पार्टिंग ब्लेड आणि टूल बिट उद्यमबागेच्या दुकानांत मिळतात. त्यांना धार लावून लांब मूठ बसवली की काम भागते, आणि त्यांची जात खात्रीची असते, कारण तिथला गिऱ्हाईक लोखंड कापतो, त्याला फसवणे अवघड.

ग्राइंडरवर मात्र कंजुषी करू नये. 2880 फेऱ्यांच्या यंत्रापेक्षा 1440 फेऱ्यांचे आणि 8 इंची पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडाचे यंत्र धारेला कमी तापवते. एचएसएस तापले तर ते पाण्यात बुडवायचे नाही, हे नव्या कामगाराला निक्षून सांगावे लागते. एकदम थंड झाल्याने धारेला सूक्ष्म भेगा जातात. जुनी सवय अशी की हात आपोआप बादलीकडे जातो.

अलीकडे कार्बाइडच्या बदलता येणाऱ्या पात्यांची हत्यारे बरीच खपतात. शिकाऊ मुलांच्या हाती ती आम्हीही देतो, कारण धार लावण्याची विद्या येईपर्यंत त्यांचे काम अडत नाही. परंतु ते पाते लाकूड कापण्यापेक्षा खरवडते अधिक, आणि शिवणीसारख्या मऊ लाकडावर तंतू उभे राहतात, म्हणून शेवटचा हात तिरक्या पटाशीनेच फिरवावा लागतो.

सध्या कठड्याच्या दांड्यांसाठी कॉपी लेथ, म्हणजे नमुन्यावरून तसाच दांडा कातणारा लेथ, घेण्याचा विचार चालू आहे. त्यासाठी राजकोट आणि कोल्हापूर अशा दोन्हीकडून कोटेशन मागवले असून, दोघांनाही आम्ही आमच्या सागवानाचे चौकोनी तुकडे आणि एक तयार दांडा पाठवला आहे. तसाच दांडा त्यांनी आपल्या यंत्रावर कातून, पॉलिश पेपर न लावता परत पाठवावा, एवढीच अट घातली आहे.