गोणीला 11 किलो कमी

घणसोली, गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज आप्पांची चालण्याचा सराव करून घेणाऱ्या मशीनवर 940 पावलं झाली. पंचवीस मिनिटांत. पट्टा थांबला तेव्हा मी आकड्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्या मानेवरून ओघळणाऱ्या घामाकडे पाहत राहिले. सहा महिन्यांत त्यांना घाम आला तो तापाने नाहीतर दुखण्याने. आजचा घाम कामाचा होता.

जानेवारीत लाल कांद्याची आवक जोरात होती. पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गाडी खाली करताना आप्पांचा पाय थप्पीवरून घसरला आणि ते पाठीवर पडले. टोळीतल्या माणसांनी जिवाचं रान केलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण त्या घाईत दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय धरले आणि कमरेत वाकलेल्या आप्पांना टेम्पोत घातलं. पाठीवर पडलेल्या माणसाला असं उचलायचं नसतं. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर घेऊन न्यायचं असतं, हे आम्हाला ऑपरेशन झाल्यावर कळलं. त्या उचलण्याने किती बिघडलं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. जिथे आयुष्यभर ओझी उचलण्याचंच काम चालतं, तिथे पडलेला माणूस कसा उचलायचा हे कुणीच सांगितलेलं नसावं, ह्याने माझ्या पोटात अजून तुटतं. एक लांब फळी आणि चार पट्टे गाळ्यात टांगून ठेवायला असा किती खर्च येतो?

डॉक्टर ‘डी10’ म्हणाले. म्हणजे छातीच्या भागातला दहावा मणका. टाचणी आणि कापूस घेऊन त्यांनी आप्पांचं सगळं अंग तपासलं, शेवटी गुदद्वाराजवळची जाणीव बघितली. आप्पा तोंड भिंतीकडे करून पडून राहिले होते. पण त्याच तपासणीने आम्हाला आशा दिली. तिथे थोडी जरी जाणीव शिल्लक असेल तर मज्जारज्जूतली वाट पूर्ण बंद झालेली नाही, असं धरतात. मज्जारज्जूच्या इजेला ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी देतात. ‘ए’ म्हणजे काहीच उरलं नाही, ‘ई’ म्हणजे सगळं ठीक. आप्पा ‘सी’मध्ये बसले. स्नायू हलतात, पण बहुतेक स्नायूंना पायाचं वजन पेलून तो वर उचलण्याइतकी ताकद नाही.

तरीही मशीनवर चढायला एवढे दिवस लागले. पहिल्या हॉस्पिटलात दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली. उघड्या जखमेवर पट्टे आवळता येत नाहीत, त्यामुळे ती भरेपर्यंत पाच आठवडे हातचे गेले. मग टिल्ट टेबल. माणसाला फळीला बांधून हळूहळू उभं करतात. साठ अंशांवर आप्पांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपी एकदम खाली. इतके दिवस आडवा असलेला माणूस उभा राहायलाच विसरतो, त्याच्या रक्तवाहिन्यासुद्धा विसरतात. पोटाला पट्टा, पायांना घट्ट मोजे, रोज थोडे अंश जास्त, असं करत तीन आठवड्यांनी ते सरळ उभे राहिले. आईला त्या दिवशी मान वर करून त्यांच्याशी बोलावं लागलं. ती बोललीच नाही, नुसती बघत राहिली.

मशीनचं नाव लोकोमॅट, स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला तयार झालेलं. खाली सरकता पट्टा, वर दोर. दोराला जाड जॅकेट अडकवून माणसाला अधांतरी धरतात. पायांना बाहेरून धातूचे सांगाडे, कमरेशी आणि गुडघ्याशी मोटरी. मांडीची आणि पोटरीची लांबी टेपने मोजून सांगाडा जुळवायचा, पट्टे बांधायचे, पंजा खाली लोंबू नये म्हणून त्यालाही वर ओढून धरायचा. ह्यातच वीस मिनिटं जातात. मध्येच आप्पांच्या पायात स्पॅझम येतो, पाय लाकडासारखा ताठ होऊन थरथरतो, आणि मशीन आपोआप थांबतं. सुरुवातीला त्या थरथरीला आम्ही सुधारणा समजून पेढे वाटायला निघालो होतो. मेंदूचा लगाम सुटला की खालच्या नसा अशा उसळतात, हे फिजिओ ताईंनी समजावलं तेव्हा आई बराच वेळ पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसली होती.

मी विचारलं होतं, पाय मशीन हलवतं, मग त्यात आप्पांचं काय? ताई म्हणाल्या, चालण्याचा ठेका सगळा मेंदूत नसतो, थोडा मज्जारज्जूतच असतो. 1911 साली ग्रॅहम ब्राऊन नावाच्या संशोधकाने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की, मेंदूकडून येणारी वाट तोडली तरी मागच्या पायांच्या स्नायूंत चालीची लय उठते. माणसात हा ठेका तेवढा जोरकस नसतो. पण तळव्याला जमिनीचा दाब, कंबरेला मागे ताण, पुन्हा दाब, असं शेकडो वेळा झालं की जी थोडी वाट उरलीय ती वापरात राहते. हातांनी तेवढी पावलं घालायची तर दोघं-तिघं फिजिओ पायांशी बसून घामाघूम होतात.

मी रात्री वाचत बसले आणि मला नको ते सापडलं. 2006 साली प्रसिद्ध झालेला, 146 रुग्णांवरचा अभ्यास. वजन दोराने पेलून पट्ट्यावर चालवलेले आणि जमिनीवर नेहमीच्या पद्धतीने सराव केलेले, दोघांत फरक पडला नाही. त्यात लोकोमॅटसारखा रोबो नव्हता, थेरपिस्टच पाय हलवत होते, तरी माझी झोप उडाली. एका सेशनला आप्पांची आधीची दोन दिवसांची कमाई जाते, आईच्या पाटल्या मोडल्यात. सकाळी ताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर वाचलंस. मशीन जादू करत नाही, सराव करून घेतं. म्हणूनच मी त्यांना मशीनवरून उतरवल्यावर घरी सोडत नाही, पॅरलल बारमध्ये, म्हणजे हातांनी धरायच्या दोन आडव्या दांड्यांच्या मध्ये, घेते. एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर मी शांत झाले. खोटी आशा दाखवणारे बरेच भेटले आहेत. ह्या बाईंवर मी विश्वास टाकलाय.

आज ताईंनी दोर सैल केला. आप्पांचं वजन 65 किलो. मागच्या आठवड्यापर्यंत त्यातलं निम्मं दोर पेलायचा, आज 40 टक्के.

“म्हंजे किती?” आप्पांनी विचारलं.

“26 किलो दोरावर, 39 तुमच्या पायांवर.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गोणीला 11 किलो कमी.”

पन्नास किलोची गोणी आप्पांनी तीस वर्षं पाठीवर वाहिली. ती पाठीवर घेताना कुणीतरी हात लावावा लागतो, एकट्याला नाही येत. “बाजारात न्हाई का, गोणीला हात लावत्यात,” ते ताईंना सांगत होते, “तसाच ह्यो दोर. एकदा पाठीवर बसली की त्यो बाजूला हुतो.” ताईंनी ते डोळे मोठे करून ऐकलं आणि म्हणाल्या, हे मी दुसऱ्या पेशंटला सांगणार.

मशीननंतर पॅरलल बार. डावा पाय ताईंनी गुडघ्याला आधार देऊन धरला, उजवा आप्पांनी स्वतः पुढे सरकवला. तीन पावलं. तिसऱ्याला हात इतके थरथरले की बार खडखडला.

संध्याकाळी घरी त्यांची वही उघडी दिसली. बाजारात गोण्या मोजायला रेघा मारतात तशा रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मला वाटलं 940 साठी किती पानं लागतील. पण आजच्या तारखेखाली फक्त तीनच रेघा होत्या. मागे चाळलं. मशीनचं एकही पाऊल वहीत नाही. मंगळवारी दोन, त्याच्या आधी एक, त्याच्या आधी नुसती तारीख.

आत्ता आई टॉर्च घेऊन त्यांच्या मांड्या तपासतेय. पट्टे घट्ट बसले तरी आप्पांना नीट कळत नाही, त्यामुळे कातडी आपणच बघावी लागते. डाव्या मांडीवर बोटभर लाल वळ आहे. आई बोटाने दाबते, उचलते, लाली परत येते का बघते. वीस मिनिटांनी पुन्हा बघू म्हणाली. मी पंख्याखाली बसून घड्याळ बघतेय.