फुलं वर, आपण खाली

आपल्याकडे रानफुलं म्हटलं की कास, आणि कास म्हटलं की सप्टेंबर. मार्चच्या शेवटी फुलं बघायला दरीत उतरतोय असं सांगितलं तर ग्रुपवर पहिला रिप्लाय, "आता काय असणारे तिथे, वाळलेलं गवत?" यात त्याची चूक नाही म्हणा. गाडीतून ताम्हिणी घाट बघितला तर या दिवसांत खरंच तसंच दिसतं, पिवळं पडलेलं गवत, मधेच वणव्याने काळे झालेले पट्टे आणि खराट्यासारखी उभी झाडं. पण याच घाटाच्या पोटात प्लस व्हॅली आहे. दोन दऱ्या एकमेकींना छेदतात, वरून अधिकच्या चिन्हासारखं दिसतं म्हणून प्लस, नाव ठेवणाऱ्याने डोक्याला फार ताप करून घेतलेला नाही. इथलं पाणी पुढे कुंडलिकेला मिळतं आणि कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्रात जाते. शिमगा झाला की मी एकदा तरी इथे उतरतोच.

उतरायची वाट म्हणजे नुसता घसारा. तासभर झाडांची मुळं आणि दगड धरत, क्वचित बसून घसरत खाली आलं की नदीचं पात्र लागतं, म्हणजे पात्र आहे, नदी नाही. पावसाळ्यात जिथे उभं राहायचा विचारही करता येणार नाही तिथे आता काळे दगड पसरलेत आणि मधे मधे कुंडं भरलेली. काही कुंडं अगदी रांजणासारखी गोल. वाहत्या पाण्याबरोबर गोटे त्याच खळग्यात गरगर फिरून फिरून कातळ कोरतात, एखाद्या कोरड्या रांजणात तो गोटा अजून तळाशी बसलेला असतो, काम संपवून सुट्टीवर गेल्यासारखा.

आता घळीची गंमत अशी की इथे वर बघून फारसा फायदा नसतो. दोन्हीकडे कडे, मधे आभाळाची चिंचोळी पट्टी, आणि झाड फुललेलं असतं ते वर कुठल्यातरी खाचेत. ते आपल्याला कळतं पायाखाली काय पडलंय त्यावरून. म्हणून मी मान खाली घालून चालतो (गुडघे असे झालेत की तसंही दुसरा पर्याय नाही). एका कुंडाच्या काठावर पळसाची सात-आठ फुलं पडलेली होती, काळ्या कातळावर तो केशरी रंग इतका भडक दिसतो की कुणीतरी मुद्दाम आणून ठेवलीत असं वाटावं. एक उचललं. देठाकडची वाटी गडद तपकिरी, बोट फिरवलं तर मखमल. पाकळ्यांवर बारीक चंदेरी लव, ती उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. आणि एक पाकळी बरोबर पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, म्हणून तर संस्कृतात याला किंशुक म्हणतात, हा पोपट आहे की काय! नाकाशी नेलं तर वास शून्य. बरोबरच आहे, याचं गिऱ्हाईक म्हणजे मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, त्यांच्यासाठी रंग आणि मध पुरतो, अत्तराचा खर्च कशाला. पानं आधीच गाळलेली असल्यामुळे दुकान लांबूनही दिसतं. आणि आत्ता फुललं की पुढे त्या चपट्या शेंगा मे-जूनपर्यंत वाळून वाऱ्यावर उडतात आणि पाऊस तोंडावर असतो, म्हणजे टायमिंग एकदम चोख.

करवंदाचं उलटं. फूल पांढरं, छोटं, जाळीत लपलेलं, पण वास असा की वळणाआधीच कळतं. धायटीची लाल नळ्यांसारखी फुलं उतरणीवर सगळीकडे होती, आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य वापरतात ती हीच. आणि अंजनी! तिची निळी-जांभळी फुलं फांदीलाच चिकटून गुच्छाने येतात, जणू फांदीलाच निळं फुटलंय. खाली पडली की मात्र निळा भुसा, त्यावरून चालायला जीव होत नाही.

फुलांएवढाच वेळ मी ओल्या वाळूपाशी काढला. पाणी आटत आलं की दरीतला सगळा कारभार कुंडांभोवती गोळा होतो, त्यामुळे इकडेतिकडे भटकण्यापेक्षा एका जागी गप्प बसलेलं बरं. ब्लू बॉटल फुलपाखरं वीस-पंचवीस तरी असतील, एकमेकांना खेटून सोंडा वाळूत खुपसून बसलेली. हे बहुतेक सगळे नर, वाळूतलं मीठ आणि क्षार ओढत असतात, आणि मिलनाच्या वेळी त्यातलं काही मादीला देतात म्हणे, म्हणजे आहेर समजा. मधेच एक भलामोठा ब्लू मॉरमॉन आला, २०१५ साली राज्य फुलपाखरू झालेला तोच, पण त्याला राज्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याने सरळ माझ्या घामाने भिजलेल्या सॅकच्या पट्ट्यावर बैठक मारली आणि चांगली पाच मिनिटं हलला नाही. पाणी प्यायला सॅक उघडायची होती, थांबलो.

पलीकडच्या दगडावर उदमांजराची विष्ठा, सुकलेली, उंबराच्या बारीक बियांनी गच्च भरलेली. बायकोला फोटो पाठवला, तिचा एका शब्दाचा रिप्लाय आला, तो इथे लिहीत नाही. वाळूत भेकराच्या खुरांचे ठसे होते, नाजूक, अंगठ्याएवढे. भेकर काही दिसलं नाही, आणि शेकरूचा फक्त आवाज आला, वर कुठेतरी खडखड, खडखड. समोरच्या कड्याच्या पोटाखाली आग्या माश्यांची तीन मोहोळं लोंबत होती, तिथून मात्र मी तोंडातून शब्द न काढता निघालो. मागून एक ग्रुप स्पीकर लावून येत होता, त्यांना हातवारे करून मोहोळं दाखवली तर स्पीकर असा बंद झाला की परत चढेपर्यंत लागला नाही. उपकार त्या माश्यांचे.

नदीकाठच्या तामणीला अजून काहीच नव्हतं. आपलं राज्यफूल, पण एप्रिल-मेशिवाय दर्शन देत नाही, म्हणजे भर उन्हात परत यावं लागणार. त्याचा हिशोब करत, नेहमीसारखा खाली बघत चाललो होतो, तेवढ्यात समोरून आवाज आला, "काय पडलं का दादा?" एक मामा, खांद्यावर घोंगडी, हातात कोयता. माझं काहीतरी हरवलंय असं वाटलं त्यांना.

"नाही ओ मामा, फुलं बघतोय."

"फुलं? खाली?" त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग कड्याकडे. मला वाटलं आता आपलं ज्ञान दाखवावं, म्हणून वरच्या लालभडक झाडाकडे बोट केलं आणि म्हटलं, "ते बघा ना, काय फुललंय. दरवर्षी फोटो काढतो मी त्याचा."

"ते फूल न्हाय," मामा म्हणाले. "पालवी हाय ती. कोशिंब. त्याचं फूल एवढुसं असतं, दिसत पन न्हाय."

झूम करून बघितलं. पानं. कोवळी, लाल, उन्हात चमकणारी, पण पानंच. मोबाईलमध्ये 'लाल फुलं' नावाचा माझा एक फोल्डर आहे, तीन वर्षांचे चाळीसेक फोटो आहेत त्यात, आणि त्यातले निम्मे मी लोकांना पाठवलेत, सकाळी सकाळी, गुड मॉर्निंग लिहून.